आधीं हरलेल्यांचें गीत : वेस्ट पॉइंट येथील फुटबॉलचा इतिहास व परंपरा

शाळेच्या क्रीडासामन्यांचे दिवस जवळ आले म्हणजे वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकूं येतो : यंदा ढाल कोणाकडे जाणार? प्रश्न स्वाभाविक आहे. खेळ जिंकण्यासाठींच खेळावयाचा असतो, आणि ज्यास जिंकण्याची इच्छाच नाहीं त्यानें मैदानावर उतरून इतरांचा वेळ मोडूं नये. परंतु ढाल कोणाकडे गेली हें जसें विचारावयाचें, तसें ती कोणत्या वाटेनें गेली, आणि ज्यास ती मिळाली नाहीं त्यानें घरीं जातांना बरोबर काय नेलें, हेंहि विचारावयास हवें. पौल प्रेषितानें करिंथकरांस पत्र लिहितांना शर्यतींत धावणाऱ्यांचा दृष्टान्त घेतला, आणि त्या धावणाऱ्याचें मुख्य लक्षण म्हणून इंद्रियदमन सांगितलें. खेळानें माणूस कसा घडतो, आणि खेळाच्या यशाचा लोभ जडला म्हणजे तोच माणूस कसा घसरतो, ह्या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेच्या चरित्रांत पहावयाच्या असतील, तर अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी महाविद्यालयाच्या फुटबॉलचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. तोच आम्ही या लेखांत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों.

संस्था व खेळ

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें ५० मैलांवर हडसन नदी डोंगरांमधून एक मोठें वळण घेते. त्या वळणावरील उंच जागीं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत किल्ले बांधलेले होते. तेथेंच १८०२ सालीं संयुक्त संस्थानांच्या सरकारनें भूसेनेचे अधिकारी तयार करण्यासाठीं हें महाविद्यालय स्थापिलें. येथील विद्यार्थ्यांस छात्र म्हणतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. शिक्षणाचा सर्व खर्च सरकार सोसतें, आणि त्याच्या मोबदल्यांत पदवी घेतल्यावर छात्रास किमान पांच वर्षें सैन्यांत प्रत्यक्ष नोकरी करावी लागते. आपल्या इकडे पुण्याजवळ खडकवासला येथें १९५५ सालीं राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सुरू झाली. तिच्या स्थापनेची शिफारस करणाऱ्या समितीनें १९४६ मध्यें जो अहवाल दिला, त्यांत वेस्ट पॉइंटचाच नमुना डोळ्यांपुढें ठेविला होता. तेव्हां ही संस्था आपणांस अगदींच परकी नाहीं.

आतां खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकन लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मुलांच्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. त्यांतील चेंडू गोल नसून दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो पायापेक्षां हातांतच अधिक असतो. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी १०० यार्ड लांबीच्या मैदानावर समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्या पक्षाकडे असेल त्यानें चार डावांत किमान दहा यार्ड पुढें सरकावयाचें. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन धावणाऱ्यास हुतूतूंतल्याप्रमाणें कवळ घालून खालीं पाडतात. असें करीत करीत शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला म्हणजे गुण मिळतात. या खेळांत अंगबळ लागतें हें उघडच दिसतें. पण त्याहून अधिक लागते ती शिस्त, कारण एका गड्यास वाट मोकळी करून देण्यासाठीं इतर दहांना आपलें अंग मध्यें घालावें लागतें, आणि त्या दहांचीं नांवें बहुधा कोणी घेत नाहीं.

पहिलें आव्हान

वेस्ट पॉइंट येथें या खेळाची प्रतिष्ठापना करण्याचें श्रेय डेनिस मॅहन मिकी या छात्रास दिलें जातें. त्याचे वडील त्याच संस्थेंत प्राध्यापक होते. अमेरिकेच्या आरमाराचे अधिकारी तयार करणारें दुसरें महाविद्यालय मेरिलंड प्रांतांत अ‍ॅनापोलिस येथें आहे, आणि तेथील नाविक छात्र हा खेळ पूर्वींपासून खेळत असत. असें सांगतात कीं, वरिष्ठांकडे नुसती परवानगी मागितली तर ती मिळणार नाहीं, हें ओळखून मिकीनें अ‍ॅनापोलिसकडूनच आव्हान येईल अशी तजवीज केली. आरमारानें दिलेलें आव्हान भूसेनेनें नाकारावें, हें कोणाहि सेनाधिकाऱ्यास रुचणारें नव्हतें. पाहुण्यांच्या प्रवासखर्चाचा अर्धा भाग वेस्ट पॉइंटच्या छात्रांनीं प्रत्येकीं ५२ सेंट वर्गणी काढून भरला.

२९ नोव्हेंबर १८९० रोजीं वेस्ट पॉइंटच्या कवाइतीच्या मैदानावर पहिला सामना झाला. मिकी हाच कप्तान व तोच शिक्षक होता. त्याच्या गड्यांपैकीं हा खेळ पूर्वीं खेळलेले फारच थोडे होते. निकाल व्हावयाचा तोच झाला : नाविकांचे २४ गुण, वेस्ट पॉइंटचे शून्य. ज्या परंपरेचा पुढें एवढा बोलबाला झाला तिचा आरंभ असा सपशेल पराभवांत आहे. पुढच्या वर्षीं मात्र वेस्ट पॉइंटचा संघ अ‍ॅनापोलिस येथें जाऊन ३२ विरुद्ध १६ गुणांनीं विजयी झाला. एका वर्षांत हा फरक कशानें पडला? नशिबानें नव्हे, रोजच्या सरावानें.

मिकीचें पुढें काय झालें हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. १८९२ मध्यें तो पदवी घेऊन सैन्यांत गेला, आणि १ जुलै १८९८ रोजीं स्पेनशीं झालेल्या युद्धांत क्यूबा बेटावर सान हुआन येथील लढाईंत मारला गेला. १९२४ सालीं वेस्ट पॉइंट येथें जें मोठें क्रीडांगण उघडण्यांत आलें त्यास त्याचें नांव देण्यांत आलें. पहिला सामना २४ गुणांनीं हरलेल्या कप्तानाचें नांव त्या संस्थेनें आपल्या क्रीडांगणास दिलें, यांतच तिची दृष्टि दिसून येते.

बोकड, खेचर आणि दोन गीतें

वेस्ट पॉइंट व अ‍ॅनापोलिस यांचा सामना हा त्या देशांतील एक राष्ट्रीय सोहळाच आहे. आरंभीं मात्र त्याचें वैर इतकें वाढलें कीं, १८९३ च्या सामन्यानंतर वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांमध्येंच कडाक्याचें भांडण जुंपल्याचें सांगतात. मुलांच्या खेळांत थोरांचा अहंकार शिरला म्हणजे नुकसान मुलांचेंच होतें. १८९४ पासून १८९८ पर्यंत पांच वर्षें हा सामना झालाच नाहीं. १८९९ मध्यें तो पुन्हां सुरू झाला, तो दोन्ही संस्थांच्या मधोमध पडणाऱ्या फिलाडेल्फिया शहरीं. आणि पुढें बहुतेक सामने त्याच शहरांत झाले.

नाविकांनीं पहिल्या सामन्यापासूनच आपल्या बाजूचें मानचिन्ह म्हणून एक बोकड आणला होता. १८९९ मध्यें त्यास तोड म्हणून भूसेनेच्या बाजूनें खेचर उभें करण्यांत आलें. तें बर्फाची गाडी ओढणारें खेचर होतें असें सांगतात. तोफा, दारूगोळा व धान्य वाहून नेणारें खेचर हें सैन्याचें खरें सोबती. तें दिसावयास सुंदर नाहीं, पण ओझें टाकून पळत नाहीं. सिंह, वाघ, गरुड सोडून या कष्टाळू जनावरास आपलें चिन्ह करणारांनीं विनोदबुद्धीबरोबर विनयहि दाखविला असें आम्हांस वाटतें.

सामन्याच्या आधीं दोन्ही संस्थांचे छात्र कवाइतीच्या रांगा धरून मैदानावर येतात. जे छात्र एका सत्रासाठीं दुसऱ्या संस्थेंत शिकावयास गेलेले असतात त्यांस त्या दिवशीं समारंभपूर्वक स्वपक्षीयांकडे परत करण्यांत येतें. ह्यास गमतीनें कैद्यांची अदलाबदल म्हणतात. परंतु सर्वांत सुंदर प्रथा आहे ती सामना संपल्यानंतरची. दोन्ही संघ एकत्र होऊन प्रथम हरलेल्या संस्थेच्या छात्रांपुढें जाऊन उभे राहतात, आणि हरलेल्यांचें संस्थागीत सर्वजण आदरानें उभे राहून ऐकतात. मग दोन्ही संघ मिळून जिंकलेल्यांच्या बाजूस जातात व त्यांचें गीत होतें. म्हणून तेथें जिंकणें यास "दुसऱ्यांदां गाणें" असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. आपलें गीत दुसरें व्हावें यासाठीं वर्षभर घाम गाळावयाचा. आणि तें दुसरें झालेंच, तर त्याआधीं हरलेल्याच्या गीतास मान द्यावयाचा. ज्यांच्याशीं आज झुंजलों त्यांच्याच खांद्यास खांदा लावून उद्यां देशासाठीं लढावयाचें आहे, ही जाणीव त्या प्रथेच्या मुळाशीं आहे.

मैदानावरील मृत्यु

या खेळाची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्या काळीं तो फार निर्दय होता. गडी एकमेकांचे हात धरून तट करीत आणि सबंध तट प्रतिपक्षावर आदळे. दरवर्षीं अनेक तरुण जायबंदी होत व कित्येक प्राणास मुकत. १९०५ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून हा खेळ सुधारण्याची ताकीद दिली. त्याच वर्षाच्या शेवटीं महाविद्यालयांच्या सभा होऊन नियम करणारी एक संस्था उभी राहिली, आणि तिचे पहिले अध्यक्ष वेस्ट पॉइंटचे कॅप्टन पामर पिअर्स हे झाले. १९०६ पासून चेंडू हातानें पुढें फेंकण्यास मुभा मिळाली. त्यामुळें गर्दी पांगून खेळ मोकळा झाला.

तरीहि संकट टळलें नाहीं. ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं हार्वर्डशीं झालेल्या सामन्यांत युजीन बर्न या छात्रास जबर दुखापत झाली व दुसऱ्या दिवशीं त्याचा अंत झाला. वेस्ट पॉइंटनें त्या वर्षांतले उरलेले सर्व सामने रद्द केले. नाविकांशीं व्हावयाचा सामनाहि त्या वर्षीं झाला नाहीं. एका विद्यार्थ्याच्या जिवापुढें खेळाचें वेळापत्रक कांहींच नव्हे, हें त्या संस्थेनें शब्दांनीं न सांगतां कृतीनें सांगितलें.

दोन उपयोगी पराभव

वेस्ट पॉइंटला दोन पराभव विशेष शिकवून गेले. पहिला ९ नोव्हेंबर १९१२ चा. पेन्सिल्व्हेनियांतील कार्लाइल येथें अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठीं १८७९ मध्यें एक शाळा काढण्यांत आली होती. तेथें मुलांस आईबापांपासून दूर आणीत, त्यांचे केस कापीत आणि त्यांची मातृभाषा त्यांच्या तोंडून काढून घेत. मुलांवर माया करणाऱ्या कोणत्याहि शिक्षकास ती पद्धति समर्थनीय वाटणार नाहीं. त्या शाळेचा संघ वेस्ट पॉइंटला आला. ज्या सैन्यानें त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी बळानें घेतल्या त्याच सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांशीं हीं मुलें खेळणार होतीं. त्यांच्यांत जिम थॉर्प होता. त्याच उन्हाळ्यांत स्टॉकहोम येथील ऑलिंपिक सामन्यांत त्यानें दोन सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. कार्लाइलनें २७ विरुद्ध ६ गुणांनीं सामना जिंकला. त्या दिवशीं वेस्ट पॉइंटच्या बाजूनें खेळणाऱ्यांत ड्वाइट आयसेनहॉवर नांवाचा छात्र होता. तोच पुढें दुसऱ्या महायुद्धांत सेनापति झाला व १९५३ मध्यें देशाचा अध्यक्ष झाला. ज्यांस हीन लेखण्यांत येत होतें त्यांनीं मैदानावर, नियम पाळून, आपली बरोबरी सिद्ध केली. मैदानाची ही एक मोठी देणगी आहे : तेथें कुळ, वर्ण, श्रीमंती यांना गुण मिळत नाहींत.

दुसरा पराभव १ नोव्हेंबर १९१३ चा. नॉत्र दाम या कॅथलिक महाविद्यालयाचा संघ तेव्हां फारसा नांवाजलेला नव्हता. गस डोराय व नूट रॉकनी या दोन मित्रांनीं लांबवर चेंडू फेंकण्याचा व धावतां धावतां तो झेलण्याचा कसून सराव केला होता. फेंक नियमांत सात वर्षांपूर्वींच आली होती. पण तिचा एवढा उपयोग होतो हें वेस्ट पॉइंटच्या लक्षांत आलें नव्हतें. नॉत्र दामनें ३५ विरुद्ध १३ गुणांनीं बाजी मारली. नियम सर्वांस सारखेच असतात. त्यांचा अभ्यास जो करील त्याला ते फळ देतात. विद्यार्थ्यांनीं हें खेळापुरतेंच समजूं नये.

प्रत्येक छात्र खेळाडू

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ ते १९२२ पर्यंत डग्लस मॅकआर्थर हे वेस्ट पॉइंटचे मुख्याधिकारी होते. छात्र असतांना ते फुटबॉल संघाचे व्यवस्थापक होते. निवडक अकरा जणांनीं खेळावें व बाकीच्यांनीं ओरडावें ही रीत त्यांस मान्य नव्हती. त्यांनीं प्रत्येक छात्रास कोणत्या ना कोणत्या सांघिक खेळांत भाग घेणें सक्तीचें केलें. त्यांचें मत असें कीं, मित्रभावाच्या झुंजींत जे गुण अंगीं बाणतात तेच पुढें रणांगणावर कामास येतात. आमच्या मतें वेस्ट पॉइंटच्या सर्व ढालींपेक्षां हा नियम मोलाचा आहे. ज्या शाळेंत अकरा मुलें खेळतात आणि चारशें पाहतात, त्या शाळेंत संघ असेल, पण खेळ आहे असें म्हणतां येणार नाहीं.

वैभवाचीं वर्षें

१९४० सालीं वेस्ट पॉइंटच्या संघानें नऊपैकीं एकच सामना जिंकला. पुढील वर्षीं त्याच संस्थेचे पदवीधर अर्ल ब्लेक हे प्रशिक्षक म्हणून आले, आणि १९५८ पर्यंत ते तेथें राहिले. त्यांच्या हाताखालीं १९४४, १९४५ व १९४६ या तीन वर्षांत संघ एकदांहि हरला नाहीं : २७ विजय आणि एक बरोबरी. फेलिक्स ब्लँचर्ड मधली फळी फोडी आणि ग्लेन डेव्हिस कडेनें वाऱ्यासारखा निसटे. देशांतील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूस मिळणारें हाइझमन पारितोषिक १९४५ मध्यें पहिल्यास व १९४६ मध्यें दुसऱ्यास मिळालें. इतर महाविद्यालयांचे बहुतेक धट्टेकट्टे तरुण तेव्हां युद्धावर गेलेले होते, ही गोष्टहि न्यायासाठीं सांगितली पाहिजे.

त्या युद्धकाळांतील एक हकीकत मनोरंजक आहे. १९४२ मध्यें प्रवासावर निर्बंध असल्यानें सामना अ‍ॅनापोलिस येथें झाला व वेस्ट पॉइंटच्या छात्रांस तेथें जातां येईना. तेव्हां अर्ध्या नाविक छात्रांस हुकूम झाला कीं, त्यांनीं पाहुण्यांच्या बाजूनें ओरडावें! पुढच्या वर्षीं सामना वेस्ट पॉइंटला झाला आणि तेथील छात्रांनीं नाविकांच्या बाजूनें ओरडून ती फेड केली. १९४४ चा बाल्टिमोर येथील सामना पाहणाऱ्यांस युद्धकर्जाचे रोखे घ्यावे लागले. त्यांतून सुमारें ५ कोटी ८० लाख डॉलर उभे राहिले.

१९५१ : कसोटी

आतां या इतिहासांतील सर्वांत दुःखद प्रकरण. वेस्ट पॉइंट येथें एक सत्यव्रत आहे. छात्रानें खोटें बोलूं नये, लबाडी करूं नये, चोरी करूं नये, एवढेंच नव्हे, तर तसें करणाऱ्यास पाठीशींहि घालूं नये. या विश्वासावरच तेथील परीक्षा चालत. एकच प्रश्नपत्रिका छात्रांच्या एका विभागास आज व दुसऱ्यास उद्यां दिली जाई. आज परीक्षा दिलेला छात्र उद्यांच्या छात्रास प्रश्न सांगणार नाहीं, हें गृहीतच धरलेलें असे.

फुटबॉल खेळणाऱ्या छात्रांचा दिवस सरावांत जाई आणि अभ्यास मागें पडे. मागें पडलेल्यांस मदत करावी म्हणून शिकवणी सुरू झाली. शिकवणींत हळूहळू "उद्यां काय येणार" हें सांगितलें जाऊं लागलें. आरंभ मैत्रीनें झाला, संघाच्या हिताच्या नांवानें तो वाढला, आणि शेवटीं ज्यांनीं स्वतः प्रश्न घेतले नव्हते तेहि जाणून गप्प राहिले. पाप बहुधा असेंच घरांत शिरतें. तें शिरतांना चोराचा वेष घेत नाहीं, मित्राचा घेतें.

१९५१ च्या वसंत ऋतूंत ही गोष्ट उघडकीस आली. चौकशी झाली, एका नामांकित न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालीं समितीनें प्रकरण पुन्हां तपासलें, आणि ३ ऑगस्ट १९५१ रोजीं सुमारें ९० छात्रांस काढून टाकण्यांत येणार असल्याचें जाहीर झालें. त्यांत तीसांहून अधिक फुटबॉल खेळाडू होते. प्रशिक्षक ब्लेक यांचा स्वतःचा मुलगाहि त्यांत होता. देशभर वाद माजला. शिक्षा फार कठोर आहे असें पुष्कळांचें मत पडलें. हीं मुलें मूळचीं वाईट नाहींत, असें ब्लेक शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि एका बापाचें व शिक्षकाचें तें म्हणणें आम्हांस समजतें. परीक्षेची ती पद्धति मोहास आमंत्रण देणारी होती हेंहि खरें. शिक्षकांनीं मुलांच्या सत्यनिष्ठेवर विसंबावें, पण तिच्यावर नको तेवढें ओझें घालूं नये.

तरी संस्थेनें जो निर्णय घेतला त्याचा अर्थ लक्षांत घ्यावा. देशांतील पहिल्या प्रतीचा संघ तिनें आपल्या हातानें मोडला. हें प्रकरण दडपून टाकतां आलें असतें आणि ढाली येत राहिल्या असत्या. पण ज्या अधिकाऱ्याच्या शब्दावर उद्यां शेंकडों शिपायांचा जीव अवलंबून राहणार, त्याचा शब्द खरा असला पाहिजे. त्यापुढें फुटबॉलची किंमत ती काय? त्या वर्षीं वेस्ट पॉइंटनें केवळ दोन सामने जिंकले व सात हरले. नाविकांनीं त्यांस ४२ विरुद्ध ७ असें लोळविलें. आमच्या दृष्टीनें त्या संस्थेच्या इतिहासांतील अत्यंत मानाचें वर्ष कोणतें, असें कोणी विचारील तर आम्ही १९४५ न सांगतां १९५१ सांगूं.

ब्लेक यांच्या मनांत राजीनामा देण्याचें आलें होतें. त्यांनीं आपले जुने वरिष्ठ मॅकआर्थर यांचा सल्ला घेतला, आणि राहिले. उरलेल्या नवशिक्या मुलांस घेऊन त्यांनीं पुन्हां पायापासून आरंभ केला. दोन वर्षांनीं, १९५३ मध्यें, त्या संघानें सात सामने जिंकले, एकच गमावला, व नाविकांसहि २० विरुद्ध ७ असें हरविलें. खऱ्या वाटेनें गेलेल्यास उशीर होतो. पण तो पोंचतो.

आपली जागा सोडणारा खेळाडू

१९५४ सालीं डॉन होलेडर हा छात्र चेंडू झेलणाऱ्या गड्यांत देशांत अग्रगण्य गणला गेला. पुढच्या वर्षीं संघास डाव चालविणारा मुख्य गडी उरला नाहीं. ब्लेक यांनीं होलेडरला ती जागा घेण्यास सांगितलें. ती त्याला नवी होती. तेथें चुका होणार, लोक हंसणार, आणि स्वतःच्या जागीं मिळणारा सन्मान हातचा जाणार, हें त्यास कळत होतें. तरी त्यानें ती घेतली. चुका झाल्या, वर्तमानपत्रांनीं टीकाहि केली. वर्षाच्या शेवटीं नाविकांचा संघ वरचढ मानला जात असतां होलेडरच्या संघानें त्यास १४ विरुद्ध ६ गुणांनीं हरविलें. पुढें १७ ऑक्टोबर १९६७ रोजीं व्हिएटनामच्या युद्धांत जखमी सैनिकांच्या मदतीस धावत जातांना मेजर होलेडर मारला गेला. दोन्ही वेळां त्यानें एकच गोष्ट केली : जेथें आपली गरज आहे तेथें तो गेला. युद्ध ही शोचनीय गोष्ट आहे, आणि आम्ही तिचें स्तोत्र गात नाहीं. परंतु दुसऱ्यासाठीं स्वतःस विसरणें हें कोठेंहि वंदनीयच आहे.

त्यानंतरचा काळ

पुढील इतिहास थोडक्यांत असा. २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला. ते स्वतः आरमारांत अधिकारी होते व या सामन्याचे चाहते होते. सामना रद्द होणार असें वाटत होतें; पण त्यांच्या पत्नीच्या इच्छेवरून तो ७ डिसेंबर रोजीं खेळला गेला व नाविक २१ विरुद्ध १५ गुणांनीं जिंकले. पुढें खेळाचें स्वरूप बदललें. मोठ्या विद्यापीठांतील खेळाडू धंदेवाईक संघांत जाऊं लागले. पांच वर्षें सैन्यांत नोकरी करावयास तयार असणारे उत्तम खेळाडू वेस्ट पॉइंटला मिळणें कठीण झालें. २००३ मध्यें तो संघ तेराच्या तेरा सामने हरला. २००२ पासून २०१५ पर्यंत सलग चौदा वर्षें नाविकांपुढें त्याची हार झाली. त्या चौदाहि वर्षीं वेस्ट पॉइंटचें गीत आधीं झालें, आणि चौदाहि वर्षीं छात्र तें गाण्यास ताठ उभे राहिले. १० डिसेंबर २०१६ रोजीं २१ विरुद्ध १७ गुणांनीं विजय मिळाला, तेव्हां कोठें तें दुसरें झालें. २०२४ मध्यें संघानें बारा सामने जिंकून आपल्या इतिहासांत प्रथमच साखळीचें अजिंक्यपद मिळविलें. आणि त्याच वर्षीं नाविकांनीं मात्र त्यास ३१ विरुद्ध १३ असें हरविलें! खेळ माणसास असा जमिनीवर ठेवतो.

उपसंहार

विद्यार्थिमित्रहो, या सर्व हकीकतींतून निकालांचे आंकडे विसरलांत तरी चालेल. मिकीनें शून्य गुणांवरून आरंभ केला, हें विसरूं नका. कार्लाइलच्या मुलांनीं बळापुढें मान खालीं घातली नाहीं व सूडबुद्धीनेंहि खेळले नाहींत, हें विसरूं नका. "उद्यां काय येणार" एवढ्या लहानशा प्रश्नापासून ९० तरुणांचें भवितव्य बदललें, हें तर परीक्षेच्या दिवसांत अवश्य आठवा. कोणी मित्र प्रेमानें असा कागद पुढें करील तेव्हां तो नाकारणें हीच त्याची खरी मैत्री.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा मैदानावरून किंवा परीक्षेहून घरीं आला म्हणजे "जिंकलास कीं हरलास?" "किती गुण पडले?" असें आपण विचारतों. तें विचारावें; पण त्याबरोबर "सरळ खेळलास ना?" हेंहि विचारावें, आणि उत्तर "हरलों, पण सरळ खेळलों" असें आलें तर त्या रात्रीं त्याच्या ताटांत एक घास अधिक गोड वाढावा. ज्या घरांत हरून आलेल्या मुलाचें गीत आधीं ऐकून घेतलें जातें, त्या घरांतील मुलास लबाडीनें जिंकण्याची गरजच भासत नाहीं.